नुसतं 'शाहू महाराज' लिहून कसं चालेल?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या एका गावात बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता गावच्या वाचनालयाचं काम बघते. गेल्या महिन्यात गावातला एक जुना वाडा रिकामा झाला आणि त्या घरच्यांनी सात तसबिरी वाचनालयाला दिल्या. काचा पुसल्या, मागचे गंजलेले खिळे काढले आणि खालच्या लाकडी पट्ट्या वाचल्या. 'शाहू महाराज' दोन. मग 'राजाराम महाराज', 'बाजीराव पेशवे', 'माधवराव पेशवे', 'नानासाहेब पेशवे' आणि 'जिजाबाई'. एवढंच. साल नाही, गाव नाही, वडिलांचं नाव नाही.

पट्ट्या नव्याने करायच्या आहेत, म्हणून हा धागा. आणखी एक कारण आहे. मागच्या २६ जूनला एका कार्यक्रमात वक्ते म्हणाले, "औरंगजेबाच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी पुढे नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या." समोर दोन-अडीचशे मुलं होती, शिक्षक होते, पालक होते. कुणालाही ते खटकलं नाही. कैदेतून सुटले ते साताऱ्याचे शाहू, १७०७ साली. जागा राखून ठेवल्या त्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंनी, १९०२ साली. मधली एकशे पंच्याण्णव वर्षं एका वाक्यात गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

साताऱ्याचे शाहू हे शंभूराजे आणि येसूबाईंचे चिरंजीव. जन्म १६८२चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे होते. आईसोबत मोगलांच्या छावणीत गेले ते औरंगजेब मेल्यावरच सुटले. सुटून आल्यावर लगेच घरच्यांशीच लढावं लागलं, आणि १२ जानेवारी १७०८ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं राज्य केलं. बाळाजी विश्वनाथांना पेशवाई त्यांनी दिली. ते वारल्यावर वीस वर्षांच्या बाजीरावांवर विश्वासही त्यांनीच टाकला. वसईचा विजय त्यांच्या कारकिर्दीतला आणि नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्याही त्यांच्याच कारकिर्दीतल्या. स्वतः मोहिमेवर फारसे गेले नाहीत, पण माणूस पारखावा तर त्यांनी. आणि आज त्यांच्याच साताऱ्यात 'शाहू महाराज कोण' म्हटलं तर मुलं कोल्हापूरचं नाव घेतात.

तर सांगा, सात पट्ट्यांवर काय लिहू?

मोडीवाचक

ताई, उत्तम विषय. मी पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले जुने कागद, वाचतो, त्यामुळे या अडचणीशी रोजची गाठ आहे. हे का घडतं, ते आधी सांगतो.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. शंभूराजांनी मुलाचं नाव ठेवलं शिवाजी. होय, तुमच्या थोरल्या शाहूंचं जन्मनाव शिवाजी. पुढे मोगलांकडे असताना 'शाहू' हे नाव रूढ झालं. औरंगजेब त्यांना 'साव' म्हणायचा आणि त्याचं शाहू झालं, असं सांगतात. तिकडे राजाराम महाराजांना ताराबाईंपासून मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी, कारण त्याचेही आजोबा तेच. राजसबाईंपासून झाला त्याचं नाव संभाजी. म्हणजे १७०७ साली मराठ्यांच्या गादीवर हक्क सांगणारे दोन चुलतभाऊ, दोघांचं पाळण्यातलं नाव शिवाजी आणि दोघे शिवछत्रपतींचे सख्खे नातू.

त्यात ताराबाईंनी म्हटलं की हा आलेला शाहू खरा नव्हेच, तोतया आहे. तेव्हा परसोजी भोसल्यांनी सगळ्यांदेखत शाहूंच्या ताटात जेवून दाखवलं आणि शंका मिटवली, अशी हकीकत आहे. नाव पुरेसं नव्हतंच, ताटात जेवणारा माणूस साक्षीला लागला.

दुसरं कारण दत्तकाचं. दत्तक आला की त्याचं जुनं नाव जातं आणि गादीला शोभेलसं, आधी कुणीतरी मोठं केलेलं नाव त्याला मिळतं. साताऱ्यात १७७७ला गादीवर आलेले महाराज मूळचे विठोजी, दत्तक घेतल्यावर त्यांचं नाव शाहू ठेवलं. हे 'धाकटे शाहू', प्रतापसिंह महाराजांचे वडील. म्हणजे खुद्द साताऱ्यातच दोन शाहू आहेत, ताई. तुमच्या दोन तसबिरींपैकी एक त्यांची असण्याची शक्यता कमी, पण विसरू नका.

शंकासुर

मग सरळ 'शाहू पहिले', 'शाहू दुसरे' असं लिहिलं की काम झालं ना? युरोपातल्या राजांना आकडे देतात तसे.

मोडीवाचक

@शंकासुर, ऐकायला सोपं वाटतं, पण आकडा लावायचा तर आधी मोजणी कुठून ते ठरवावं लागतं. कोल्हापूरच्या गादीपुरतं मोजलं तर राजर्षी पहिले शाहू. सातारा धरून मोजलं तर आकडा बदलतो, आणि काही यादींत ते 'शाहू चौथे' म्हणून येतात. शिवाजींचं तर विचारूच नका. राजर्षींच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर जे शिवाजी होते, ते एका यादीत चौथे आणि दुसऱ्या यादीत त्याच्या पुढचे. मुलाने एक पुस्तक बंद करून दुसरं उघडलं की तोच राजा वेगळा वाटायला लागतो.

आपल्या लोकांची जुनी पद्धत जास्त चांगली होती. थोरले, धाकटे, सवाई, सातारकर, करवीरकर, तंजावरकर. आणि वडिलांचं नाव. बाजीरावांचा शिक्का पाहा: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. हे 'बल्लाळ' अनेकांना आडनाव वाटतं. आडनाव भट. बल्लाळ म्हणजे बाळाजींचा मुलगा. नाव, वडील आणि धनी, सगळं एका ओळीत बसलं आहे. तुमच्या पट्टीसाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पंचगंगेचा

कोल्हापूरहून लिहितोय. ताई, तुमचं दुःख कळलं, पण एक बाजू आमचीही ऐका. लोक नुसतं 'शाहू महाराज' म्हणतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राजर्षी येतात, यात मला चूक दिसत नाही. तो लोकांनी दिलेला मान आहे. वसतिगृहं काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, २६ जुलै १९०२ला पन्नास टक्के जागांचा हुकूम काढला. माझे पणजोबा त्यांच्या एका वसतिगृहात राहून शिकले. आमच्या घरात देवघराशेजारी फोटो आहे, त्याखाली काहीच लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही कधी.

एक गंमतीची गोष्ट सांगायची राहिली. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. साताऱ्याची थोरल्या शाहूंच्या नावाची, आमची राजर्षींच्या नावाची. माणगावचंही तसंच. थोरल्या शाहूंचा जन्म झाला ते माणगावजवळचं गांगवली रायगड जिल्ह्यात. मार्च १९२०ला राजर्षी आणि डॉ. आंबेडकर ज्या माणगाव परिषदेत एका मंचावर आले, ते माणगाव आमच्या हातकणंगले तालुक्यात. शाहूंचाही आणि माणगावाचाही संबंध दोन्हीकडे, त्यामुळे लिहिताना भले भले चुकतात.

कृष्णाकाठ

@पंचगंगेचा, तुमच्या पणजोबांची गोष्ट वाचून भरून आलं. राजर्षींचा मान कमी करावा असं माझ्या स्वप्नातही नाही. पण मी वर्गात पाहिलंय हो. ज्याचं नाव मोठं होतं, त्याच्या खात्यावर दुसऱ्याचं कामही जमा होतं. राजर्षींना त्याची गरज नाही, त्यांचं स्वतःचंच काम डोंगराएवढं आहे. आणि थोरल्या शाहूंकडे मग काही उरत नाही. बेचाळीस वर्षं राज्य करून माणूस कोरा राहतो.

कैदेतून परत येताना वाटेत पारद गावी एका विधवेने आपलं पोर त्यांच्या पायावर घातलं. राणोजी लोखंडे त्याचं नाव. शाहूंनी त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं, फत्तेसिंह भोसले नाव दिलं. त्याच्यापासून अक्कलकोटचं घराणं सुरू झालं. ही गोष्ट मी दरवर्षी चौथीला सांगायचे. पुढच्या वर्षी पाचवीत विचारलं की निम्मी मुलं ती कोल्हापूरला नेऊन ठेवायची.

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत आहे. धागा वाचला आणि लिहिल्यावाचून राहवेना, कारण तुमच्या यादीत राजाराम महाराज आहेत.

दोन वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्सला गेलो होतो. शहराच्या पश्चिम टोकाला कॅशिने नावाचं मोठं उद्यान आहे, आर्नो नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेलं. त्याच्या शेवटाला, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, झाडांच्या मध्ये एक छत्री उभी आहे. आपल्याकडे समाधीवर असते तशी, घुमटाची. खाली फेटा घातलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे राजाराम महाराज. इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७०ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. संगमावरच त्यांचं दहन केलं. आज जवळच एक मोठा पूल आहे, त्या पुलाला तिथले लोक या 'हिंदी माणसा'च्या नावाने ओळखतात.

थंडीचे दिवस होते, आसपास कुणी नव्हतं. मी चपला काढून उभा राहिलो. घरी फोन करून आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "राजाराम महाराज तर सिंहगडावर गेले ना?" तिचंही बरोबर. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव राजाराम सिंहगडावरच गेले, मार्च १७००मध्ये. दोघांच्या मृत्यूत एकशे सत्तर वर्षांचं अंतर.

पंचगंगेचा

वा, दूरदेशी! त्या छत्रीचा फोटो पाहिला होता, तिथे जाऊन उभा राहिलेला माणूस प्रथमच भेटला.

राजारामांचा आमच्या गावातला घोळही लिहून ठेवतो. राजर्षींच्या मुलाचं नावही राजाराम, जन्म १८९७चा. कोल्हापुरातली राजारामपुरी त्यांची. पण राजाराम कॉलेज १८८०चं, म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधीचं. ते नाव फ्लॉरेन्सला गेलेल्या राजारामांचं. रोज राजारामपुरीतून राजाराम कॉलेजला जाणाऱ्या पोरांना आपण एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे जातोय हे ठाऊक नसतं. मलाही पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि हे ऐका. १७००मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा मागे राहिल्या ताराबाई आणि त्यांचा लहानगा शिवाजी. १९४०मध्ये राजर्षींचे चिरंजीव राजाराम गेले. मागे राहिलेल्या राणीसाहेबांचं नाव ताराबाई, आणि त्यांनी जो मुलगा दत्तक घेतला त्याचं नाव ठेवलं शिवाजी. तो १९४६मध्ये लहानपणीच गेला. अडीचशे वर्षांनी तीच तीन नावं त्याच क्रमाने. आमच्या आजीला हे सांगताना दरवेळी गहिवरून यायचं. तिने ती दुसरी वेळ पाहिली होती.

कावेरी

तंजावरातून नमस्कार. आमचं घराणं तिकडून इकडे येऊन बऱ्याच पिढ्या झाल्या. घरी बोलतो ती मराठी तुम्हाला कानाला वेगळी लागेल, लिहिताना मात्र पुस्तकी लिहिते.

तुमच्या शाहू-घोळात आमचेही एक राजे सापडतात. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी, म्हणजे आमचे एकोजी. त्यांनी मुलांची नावं ठेवली शहाजी, शरफोजी आणि तुकोजी. पहिलं नाव वडिलांचं, दुसरं चुलत्यांचं. (मालोजीराजांची दोन मुलं शहाजी आणि शरीफजी, नगरच्या शाह शरीफ यांच्यावरच्या श्रद्धेतून आलेली नावं. त्या शरीफजींचं आमच्याकडे शरफोजी झालं, इंग्रजांनी त्याचं सर्फोजी केलं.) तर हे एकोजीपुत्र शहाजी १६८४पासून १७१२पर्यंत तंजावरला होते. विद्वानांना तिरुविशनल्लूर गाव इनाम दिलं, स्वतः नाटकं रचली. दक्षिणेतल्या लिखाणात त्यांचं नाव 'साहजी' आणि 'शाहूजी' असंही येतं. साताऱ्यात त्याच वेळी शाहू छत्रपती झालेले! नात्याने हे शंभूराजांचे चुलतभाऊ, म्हणजे थोरल्या शाहूंचे चुलत काका. एकाच काळातले, एकाच घराण्यातले, कानाला एकच नाव. इंग्रजीत लिहिलेलं वाचून एक अभ्यासक पाहुणे माझ्याशी तासभर बोलत होते, आणि शेवटी कळलं की ते एका शाहूंबद्दल बोलत होते आणि मी दुसऱ्या.

मूळ शहाजीराजेही दक्षिणेतच विसावले. २३ जानेवारी १६६४, होदिगेरे, कर्नाटक. समाधी साधी आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून जावं.

आणि सातारचे प्रतापसिंह तसे आमचेही प्रतापसिंह. आमचे १७३९ ते १७६३. हा गुंता आमच्या शरफोजी महाराजांना, म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालयवाल्या दुसऱ्या शरफोजींना, तेव्हाच जाणवला असावा असं मला वाटतं. १८०३मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचं सगळं चरित्र मराठीत कोरून घेतलं. कोण कुणाचा मुलगा, सगळं दगडात. लहानपणी आजोबा त्या भिंतीपाशी उभं करून एकेक नाव वाचायला लावायचे.

रानजाई

वाचनखूण साठवली. कावेरी, तुमच्या आजोबांना नमस्कार.

बायकांच्या नावांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. 'जिजाबाई' म्हटलं की सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांची कन्या, शिवछत्रपतींची आई. पण कोल्हापूरच्या संभाजी महाराजांची राणीही जिजाबाई. १७६०मध्ये महाराज वारले, पोटी मुलगा नव्हता. या बाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव शिवाजी ठेवलं. पन्हाळ्यावर राहून १७७३पर्यंत, मरेपर्यंत राज्य सांभाळलं. पेशव्यांना गादी गिळू दिली नाही. पुन्हा एकदा जिजाबाई आणि शिवाजी. पहिल्या जिजाऊंसमोर या जिजाबाई झाकल्या गेल्या, आणि कोल्हापूरबाहेर त्यांचं नाव घेणारं मला कुणी भेटलेलं नाही.

आनंदीबाईंचंही तसंच. राघोबादादांच्या आनंदीबाई, राजर्षींना दत्तक घेणाऱ्या कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेब, डॉक्टर आनंदीबाई जोशी, आनंदीबाई कर्वे. लग्नात बाईचं नाव बदलायचं म्हटलं की ठरलेल्या पंधरा-वीस नावांतलं एक निघायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पुरुषांना निदान वडिलांच्या नावाने ओळखता येतं. बाईचं माहेरचं नावही जातं आणि वडिलांचंही. ताई, जिजाबाईंच्या पट्टीवर वडिलांचं नाव नक्की घाला.

वऱ्हाडी

थोडं विषयांतर. राजेमहाराजे सोडून माझ्या अमरावतीचं एक उदाहरण. 'वामनराव जोशी, नाटककार की कादंबरीकार' यावर आमच्या घरी भांडण झालं होतं. दोघे वेगळे. वामन मल्हार जोशी हे 'रागिणी'कार, जन्म १८८२. आमचे वीर वामनराव म्हणजे वामन गोपाळ जोशी, 'रणदुंदुभी'चे लेखक. वयात फार तर वर्षाचं अंतर, दोघे लेखक. वामन मल्हार कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात १९०८मध्ये तुरुंगात गेले. वीर वामनरावांची स्वातंत्र्यलढ्यातली कामगिरी विदर्भात सगळ्यांना ठाऊक. मधलं नाव लिहिलं नाही तर एकाचा तुरुंगवास दुसऱ्याच्या नावावर जातो.

पर्वतीपायथा

पेशव्यांकडे वळू या, तीन तसबिरी त्यांच्या आहेत.

भटांच्या घरात हा प्रकार अगदी जोडीजोडीने झालाय. थोरले बाजीराव (१७००–१७४०) आणि त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा, वसईवाले. राघोबादादा हे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव. त्यांनी आपल्या मुलांची नावं काय ठेवली? बाजीराव आणि चिमाजी. म्हणजे दुसऱ्या बाजीरावांच्या धाकट्या भावाचं नावही चिमाजी अप्पा, आणि १७९६मध्ये थोड्या दिवसांसाठी पेशवाईची वस्त्रंही त्यांना मिळाली होती. थोरले रावेरखेडीला नर्मदाकाठी मोहिमेवर असताना गेले. दुसऱ्यांनी १८१८मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमपुढे शरणागती पत्करली, वर्षाला आठ लाख घेऊन बिठूरला राहिले आणि १८५१मध्ये तिथे वारले. पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांना मी शनिवारवाड्यावर नेतो. दहातले दोन-तीन तरी विचारतात, "इतका शूर माणूस शरण कसा गेला?" दर वेळी थांबून समजावून सांगतो. त्यांची चूक नाही, नाव एकच आहे.

नानासाहेबही दोन. पहिले बाळाजी बाजीराव, पानिपत त्यांच्या काळातलं, १७६१मध्ये पर्वतीवर गेले. दुसरे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक चिरंजीव, सत्तावन्नच्या उठावातले. त्यांचं नाव धोंडोपंत. माधवरावही दोन, थोरले (१७४५–१७७२) आणि सवाई (१७७४–१७९५).

ताई, आता चित्रांचं वर्णन करा. छायाचित्र की रंगवलेलं? माणूस उभा, बसलेला की घोड्यावर? शेजारी कुणी आहे? मागच्या बाजूला काही लिहिलंय का? त्यावरून बरंच ठरेल.

कृष्णाकाठ

आज सकाळी वाचनालय उघडून एकेक खाली उतरवली आणि नीट पाहिली.

'शाहू महाराज' एक: छायाचित्राची छपाई. भरदार शरीर, फेटा, खुर्चीत बसलेले. दोन: रंगीत चित्र, जुन्या दरबारी थाटाचं, डोक्याला काही नाही. 'राजाराम': अगदी कोवळा तरुण, फेटा, कानात मोती, मागे पेन्सिलीने '१८७०'. 'बाजीराव': घोड्यावर, हातात भाला. 'माधवराव': तरुण मुलगा बसलेला, शेजारी उंच, कृश गृहस्थ. 'जिजाबाई': मांडीशी लहान मुलगा, त्याच्या हातात तलवार. 'नानासाहेब': रंगीत छापील चित्र, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'श्रीमंत धोंडोपंत'. इतके दिवस ते मी चित्रकाराचं नाव समजत होते. काल पर्वतीपायथांचा प्रतिसाद वाचला आणि तशीच उठून चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

पर्वतीपायथा

झालं तर! धोंडोपंत म्हणजे बिठूरचे नानासाहेब, प्रश्नच नाही. माधवरावांशेजारचे कृश गृहस्थ नाना फडणवीस, म्हणजे हे सवाई माधवराव. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार तेव्हा पुण्यात होता, त्याने या दोघांचं एकत्र चित्र काढलं होतं, पुढे त्याच्या कितीतरी नकला झाल्या. घोड्यावरचे भालेकरी थोरले बाजीराव धरायला हरकत नाही, दुसऱ्यांचं चित्र असं कुणी काढलं नसतं.

मोडीवाचक

पहिले शाहू छायाचित्रात आहेत म्हणजे राजर्षीच. थोरले शाहू १७४९मध्ये वारले, छायाचित्रणाची कला त्यानंतर नव्वद वर्षांनी आली. उघड्या डोक्याचं चित्र थोरल्या शाहूंचं. त्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला पागोटं घातलं आणि त्यानंतर स्वतः डोक्याला काही बांधलं नाही, अशी आख्यायिका आहे. त्या खंड्याची समाधी संगम माहुलीला आहे, ताईंना माहीत असेलच.

१८७० हे साल आणि तो कोवळा चेहरा. दूरदेशी, तुम्ही काय म्हणता?

दूरदेशी

कानातले मोती, कोवळी हनुवटी. त्या छत्रीखाली असंच पाहिलं होतं. आणि १८७०मध्ये कोल्हापूरचे पुढचे राजाराम जन्मायचे होते. तेच आहेत.

एक सुचतं ते लिहितो. थोरल्या शाहूंची समाधी माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. या राजारामांचं दहन आर्नो-मुन्योनेच्या संगमावर. दोन्ही तसबिरी शेजारी लावता आल्या तर बघा.

कृष्णाकाठ

लावते. आज दुपारी माहुलीलाही जाऊन आले. खंड्याच्या समाधीवर कुणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती.

पट्ट्यांचा मजकूर असा केला आहे, तपासा: 'छत्रपती थोरले शाहू, संभाजी महाराज व येसूबाई यांचे चिरंजीव, सातारा, १६८२–१७४९.' 'राजाराम महाराज, कोल्हापूर, १८५०–१८७०, मृत्यू फ्लॉरेन्स.' 'थोरले बाजीराव बल्लाळ, छत्रपती शाहूंचे पेशवे.' 'सवाई माधवराव नारायण, सोबत नाना फडणवीस.' 'धोंडोपंत नानासाहेब, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक चिरंजीव, बिठूर.' 'राजमाता जिजाबाई, लखुजी जाधवराव यांची कन्या, सिंदखेडराजा.' रानजाई, करवीरच्या जिजाबाईंची तसबीर नाही, पण त्यांच्यावर एक हस्तलिखित पान करून खाली ठेवणार आहे.

राजर्षींच्या पट्टीपाशी अडले. सगळ्यांना वडील लावले, यांना कुणाचे लावू? जन्मदात्यांचे की दत्तकाचे?

पंचगंगेचा

ताई, राजर्षींना नुसतं 'शाहू महाराज' पुरे असं मीच आधी म्हटलं होतं. इतकं सगळं वाचल्यावर ते मागे घेतो. कागलचे जयसिंगराव आबासाहेब घाटगे हे वडील, नाव यशवंतराव. ते विसरून कसं चालेल? पण गादी मिळाली ती आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतलं म्हणून, १७ मार्च १८८४ला.

मोडीवाचक

कागदोपत्री दत्तक वडिलांचं नाव लागतं. पण ही वाचनालयाची पट्टी आहे, सनद नव्हे. दोन्ही लिहा.

रानजाई

आणि आनंदीबाईंचंही.

कृष्णाकाठ

'राजर्षी शाहू छत्रपती, कोल्हापूर, १८७४–१९२२. मूळ नाव यशवंतराव, कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे चिरंजीव. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेब यांनी १८८४मध्ये दत्तक घेतले.' मोडीवाचक, 'चौथ्या' हा आकडा काढून टाकते, नाहीतर तुम्ही वर सांगितलेला घोळ मीच करून ठेवीन. एवढं लिहिलं तर पट्टी तसबिरीपेक्षा चार बोटं लांब होतेय. सुताराला नवीन माप सांगून आले, गुरुवारी देतो म्हणाला.